मणका मोडलेला माणूस जगवायला लष्करानं शिकवलं का?

टेकडीकर
पुण्यात रेंजहिल्सकडे जाणाऱ्यांनी खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरची पाटी नक्की पाहिली असेल. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली सुरू झालेली संस्था. सध्या घरातल्या एका कारणामुळे या विषयावर बरंच वाचतोय, त्यातून हा धागा.

पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिक पहिल्या काही आठवड्यांतच जायचे. आणि बरेचसे गोळीनं नव्हे, बेडसोर (एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या संसर्गानं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीवर उतरायचं ठरल्यावर ब्रिटिश सरकारनं असे जखमी येणार हे धरूनच फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेविल इथे खास विभाग उघडला. प्रमुख लुडविग गुटमन, १९३९ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू डॉक्टर. त्यांनी कुठलंही जादूचं औषध शोधलं नाही. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्री तीन वाजतासुद्धा, ही त्यांच्या उपचाराची पहिली पायरी. त्याच १९४४ मध्ये आपल्या वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं.

माझं मत असं, की कणा मोडलेला माणूस आज वर्षानुवर्षं जगतो याचं मोठं श्रेय लष्करी वैद्यकाला आहे. प्रश्न असा, की पुण्यात लष्कराच्या इतक्या संस्था असताना हे ज्ञान शहरातल्या साध्या रुग्णाच्या खाटेपर्यंत का पोचत नाही?

भोचक_भवानी
धागा गंभीर आहे म्हणून गप्प बसते. फार वेळ जमेल असं नाही.

उलटतपासणी
विषय चांगला, पण श्रेयाची वाटणी एकतर्फी झाली. तीन हरकती.

अमेरिकेत डोनाल्ड मन्रो यांनी बॉस्टन सिटी हॉस्पिटलात १९३६ मध्येच मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग काढला होता. साधं नागरी इस्पितळ, युद्धाचा पत्ता नाही. घडीची व्हीलचेअर १९३० च्या दशकात एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोघांनी केली. त्यातला एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात लुळा पडलेला इंजिनियर. आणि खुद्द गुटमन यांनी असा पहिला रुग्ण पाहिला तो १९१७ मध्ये, कोळशाच्या खाणीत कणा मोडलेला मजूर. फार लिहीत बसू नकोस, थोड्या दिवसांचा सोबती आहे, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. माणूस पाच आठवड्यांत गेला.

आणि हो, पहिल्या महायुद्धातले ते ८० टक्के कुणाच्या हाताखाली गेले? लष्करी डॉक्टरांच्याच ना?

अर्धवट_इतिहासकार
हात टेकण्याची परंपरा फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या एका पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचं वर्णन आहे आणि पुढे शेरा, उपचार न करण्याजोगा आजार. हजारो वर्षं तोच शेरा चालू राहिला.

अमेरिकेचा जनरल पॅटन घ्या. दुसरं महायुद्ध जिंकून बसलेला माणूस. डिसेंबर १९४५ मध्ये जर्मनीत मोटार अपघातात मान मोडली, मानेखाली लुळा पडला, १२ दिवसांत हायडेलबर्गच्या अमेरिकी लष्करी इस्पितळात गेला. म्हणजे लष्करी इस्पितळ असून आणि हुद्दा जनरलचा असूनही.

टेकडीकर
@उलटतपासणी, मन्रो यांचं मान्य. पण त्यांच्याकडे यायचे ते एकेक, कुणी शिडीवरून पडलेला, कुणी मोटारखाली आलेला. युद्धानं एकाच वेळी शेकड्यानं तरणी पोरं आणून टाकली. सरकारला त्यांना मरू देणं परवडणारं नव्हतं, पैसा सुटला, खास विभाग निघाले. शोध नागरी असतील, पण एका छपराखाली सगळं आलं ते युद्धामुळे.

फिजिओताई
पंधराएक वर्षं न्यूरो रिहॅबमध्ये आहे, थोडं आतलं सांगते.

गुटमन यांच्याकडे रुग्ण यायचे ते बरेचदा प्लास्टरमध्ये बंद होऊन. प्लास्टर कापलं की खाली हाडापर्यंत गेलेली जखम. ज्याला संवेदनाच नाही त्याला टोचतंय हे कळणार कसं? म्हणून त्यांनी प्लास्टर बाजूला ठेवलं, उशा लावून पाठ सांभाळली आणि कूस बदलायला माणसांची टीमच नेमली. रात्री अचानक वॉर्डात येऊन बघायचे म्हणे, बदलली की नाही.

आता हे 'कूस बदला' डिस्चार्ज कार्डावर दोन शब्दांत असतं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या दिवसांत तीन माणसं लागतात. एक डोक्याशी नि खांद्याशी, एक कमरेशी, एक पायांशी. डोक्याशी असेल त्यानं आकडे मोजायचे आणि सगळं अंग एकसंध वळवायचं, मधेच पीळ पडता कामा नये. मग पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि पोटरीखाली अशी उशी की टाच अधांतरी राहील. टाच कायम विसरली जाते. माकडहाड सगळे बघतात, टाच कुणी बघत नाही.

दुसरं, पुस्तकात लिहितात की लाल डाग दिसला तर बोटानं दाबून बघा, फिका पडला नाही तर धोका. हे गोऱ्या कातडीवर ठीक. आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही. हाताची मागची बाजू लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का. आरशानं स्वतःचं स्वतः बघायलाही शिकवतो.

आणि एअर मॅट्रेस घेतली म्हणजे कूस बदलण्यातून सुटका झाली, हा गैरसमज कृपा करून काढून टाका. दर महिन्याला एक तरी घर भेटतं असं.

भोचक_भवानी
आमच्या आजोबांना (त्यांना काही झालं नव्हतं, नुसता आळस) दोन तासांनी उठवलं असतं तर त्यांनी प्लास्टरच पसंत केलं असतं.

जुना_नर्सिंग_असिस्टंट
जय हिंद. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता धानोरीत असतो. काही वर्षं स्पायनल वॉर्डात काढली.

वरच्या मॅडमनी लिहिलंय ते अगदी तसंच. फरक एकच. आमच्याकडे पेशंटची कूस बदलणं ही कुणाची तरी ड्यूटी असायची, नावानिशी. चार्टवर वेळ टाकून सही. दोनला बदलली, चारला बदलली, सहाला बदलली. सहाची सही नसेल तर सिस्टर विचारणार, आणि सिस्टर म्हणजे ऑफिसर, कॅप्टन नाहीतर मेजर. तिच्यापुढे 'विसरलो मॅडम' चालत नाही.

घरी काय होतं? मुलगा म्हणतो झोप लागलीय, राहू दे. आई म्हणते राहू दे रे बाळाला, आत्ताच डोळा लागलाय. वॉर्डात 'राहू दे' म्हणणारं कुणी नव्हतं. जवान शिव्या घालायचे आम्हाला, पहाटे चारच्या शिव्या तर खास. पण कातडी शाबूत राहायची.

अजून एक. जवानाला पगार, पेन्शन, डिसॅबिलिटी पेन्शन, सतत माणूस लागत असेल तर त्याचा अटेंडन्स अलाउन्स वेगळा. पडल्या पडल्या 'आता घर कसं चालणार' हा घोर थोडा कमी. डोकं थाऱ्यावर असेल तर माणूस व्यायाम करतो.

चाकावरचा
धाग्याचं नाव वाचून आलो, कारण मी स्वतः चाकावर. चिंचवडला असतो. कंपनीतून घरी येताना बाईक घसरली, टी ४ ला (छातीमागचा चौथा मणका) मज्जारज्जू गेला, छातीखाली काही नाही. लष्कराशी काडीचा संबंध नाही.

कूस आणि बेडसोर झालं, आता लघवीबद्दलही बोलू. सभ्य लोकांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

पूर्वी आमच्यासारखे लोक मूत्रपिंडं निकामी होऊन जायचे. नळी आत ठेवून दिली की जंतूंना दार उघडं. गुटमन यांनी नळी कायम न ठेवता ठरावीक वेळानं घालून मूत्राशय रिकामं करून काढून घ्यायची पद्धत लावली, पण पूर्ण निर्जंतुक, डॉक्टरच्या हातून. ते वॉर्डात जमतं, कंपनीच्या संडासात कसं जमणार? पुढे १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस या अमेरिकन युरॉलॉजिस्टनं दाखवलं की हात स्वच्छ धुऊन रुग्णानं स्वतः केलं तरी चालतं, वेळेवर मूत्राशय रिकामं होणं महत्त्वाचं. @उलटतपासणी, हा मुद्दा तुमच्या खात्यात टाका, लॅपिडिस लष्करातला नाही. मी आज नोकरी करतो ती लष्करी वॉर्डाच्या अर्ध्या कल्पनेवर आणि लॅपिडिसच्या उरलेल्या अर्ध्यावर.

आता जी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती सांगतो. घरी आल्यावर एकदा संध्याकाळी डोकं असं ठणकायला लागलं की कवटी फुटेल. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा, छातीखाली मात्र अंग गार आणि अंगावर काटा. जवळच्या एका इस्पितळात नेलं. कॅज्युअल्टीतल्या पोरानं बीपी बघितलं, मायग्रेन म्हणून गोळी दिली, पडून राहा म्हणाला. नशीब की शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या नातेवाईक बाई नर्स निघाल्या. त्यांनी चादर वर केली, तर युरीन बॅगची नळी माझ्याच मांडीखाली चेपलेली. सोडवली, बॅग भरली, पाच-दहा मिनिटांत डोकं उतरलं.

फिजिओताई
@चाकावरचा, याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. टी ६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना हा धोका असतो. खाली काहीतरी टोचतंय, तुंबलंय हे मेंदूपर्यंत पोचत नाही, पण रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी एकदम चढतं. झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. याचंही पहिलं नीट वर्णन गुटमन आणि व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये केलं, म्हणजे युद्धातल्या त्याच रुग्णांवरून.

सगळ्यांसाठी लिहून ठेवते. असं झालं तर आडवं झोपवू नका, बसतं करा. पट्टे, घट्ट कपडे सैल करा. नळी चेपली आहे का, बॅग भरली आहे का, शौच तुंबलंय का, नखापासून बुटापर्यंत काही टोचतंय का ते बघा आणि इस्पितळ गाठा. अशा रुग्णाचं नेहमीचं बीपी मुळात कमी असतं, ९०-१०० च्या आसपास. त्यामुळे १४० दिसलं आणि डॉक्टर म्हणाले 'ठीक आहे', तर त्यांना सांगा की ह्याच्यासाठी ते ठीक नाही.

अनामिका७
वाचनखूण साठवली. माझे मिस्टर टी ५ आहेत, नऊ वर्षं झाली. हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. दोनदा असंच झालं होतं, आम्ही पित्त समजून लिंबू-सोडा दिला.

वाळवेकर
इतका धागा झाला आणि मुरलीकांत पेटकरांचं नाव कुणी घेऊ नये? पेठ इस्लामपूरचा गडी! लष्कराच्या ईएमई या तांत्रिक दलात होते, बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात अडकली. पोहायला लागले ते उपचाराचा भाग म्हणून. १९६८ ला तेल अवीवमध्ये टेबल टेनिस, आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला ३७.३३ सेकंदांत विश्वविक्रम करून सुवर्ण. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे किती वर्षांनी ते तुम्हीच मोजा.

अर्धवट_इतिहासकार
हायडेलबर्ग! पॅटन जिथे गेला तेच गाव. १९४५ मध्ये जनरल तिथे खाटेवर, आणि २७ वर्षांनी आपला जवान तिथल्याच पाण्यात विश्वविक्रम करतोय. या वाळवेकरांना माझ्यातर्फे चहा.

खेळांचं मूळही स्टोक मँडेविलमध्येच. आधी वॉर्डातले लोक व्हीलचेअरवर काठ्यांनी पोलो खेळायचे, ते फार हाणामारीचं झालं म्हणून बंद केलं. मग २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन ज्या दिवशी होतं त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा. त्याचंच १९६० मध्ये रोमला पॅरालिम्पिक झालं. धनुष्य निवडण्यातही हिशोब होता, खांदे आणि पाठीचा वरचा भाग बळकट झाला की खुर्चीत तोल सांभाळता येतो.

चाकावरचा
पेटकरांबद्दल आदर आहेच. पण एक तक्रार नोंदवतो. मला भेटणारा प्रत्येक तिसरा माणूस 'तू पण पदक आण' म्हणतो. अरे बाबा, मला पदक नको, ऑफिसच्या संडासाचं दार रुंद हवंय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात सगळं लिहिलंय. रॅम्प केलाय आमच्याकडे, इतका उभा की वर चढायला वॉचमन ढकलतो आणि उतरताना देव.

भोचक_भवानी
हा रॅम्प आमच्या सोसायटीच्या कॉन्ट्रॅक्टरनं केलेला असणार. त्याचा कुठलाच कोन कुठल्याच कोनाशी जुळत नाही.

उलटतपासणी
चाकावरच्यांच्या तक्रारीतच उत्तर आहे. लष्करानं पद्धत दिली हे मी आता जास्त मोकळेपणानं मानतो, विशेषतः जुन्या नर्सिंग असिस्टंटांच्या प्रतिसादानंतर. पण लष्करी पुनर्वसन चालतं ते त्यामागे बंदिस्त जग असतं म्हणून. इस्पितळही त्यांचं, पगारही त्यांचा, क्वार्टरही त्यांचं, कामाचं प्रशिक्षणही त्यांचंच. खडकीचीच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट बघा, १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी भारतीय सैनिकांना हातात धंदा देण्यासाठी निघाली, आजही चालू आहे. आपल्याकडे ऑपरेशन एका ठिकाणी, फिजिओ दुसऱ्या ठिकाणी, दाखला तिसऱ्या खिडकीवर आणि नोकरी रामभरोसे. कूस बदलण्याचं ज्ञान पोचेल हो, ही साखळी कशी पोचणार?

जुना_नर्सिंग_असिस्टंट
@उलटतपासणी, बरोबर. पण बंदिस्त जग सुटलं की आमचा जवानही अडकतो. गावी गेला, घराला उंबरा, संडास वावराच्या कडेला. दोन पावसाळ्यांत जखमा घेऊन परत आलेले बघितलेत. म्हणून तर खडकीसारख्या ठिकाणी कायम राहायची सोय लागते.

अर्धवट_इतिहासकार
नागरी बाजूला कुणीच ही साखळी जोडली नाही असंही नाही. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीज. १९५४ मध्ये मोटार अपघातात स्वतः कमरेखाली लुळ्या पडल्या, तरी खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या. मग न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्याकडे शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला पुनर्वसनाचा विभाग उभा केला. आता गंमत बघा, रस्क हे सगळं शिकले कुठे? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या वॉर्डांत.

आणि मेजर अहलुवालिया. १९६५ मध्ये एव्हरेस्टवर गेले, त्याच वर्षी युद्धात मानेत गोळी. उपचार स्टोक मँडेविलला. परत येऊन दिल्लीला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं, तिथे नागरिकांवरही उपचार होतात. सैनिकानं बाहेरच्यांसाठी दार उघडलं.

वाळवेकर
मग पुण्यातल्या एएलसीमध्येपण (वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर) सिव्हिलियन घेतात की! आमच्या गावच्या एकाला पाय तिथेच बसवला.

फिजिओताई
घेतात, पण ते हातपाय गमावलेल्यांसाठी. कण्याचा रुग्ण घेऊन तिथे रांगेत उभे राहू नका, असे हेलपाटे घातलेली माणसं मला भेटली आहेत. खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर सैनिकांसाठी आहे. सरकारी आणि परवडणारं म्हणाल तर मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय फिजिकल मेडिसिनची संस्था आहे, १९५५ पासून.

अनामिका७
सगळे संस्थांबद्दल बोलताय, म्हणून एक लिहिते. जुन्या असिस्टंटकाका म्हणाले ना, ड्यूटी नावानिशी असायची. आमच्या घरी ती ड्यूटी नावानिशीच आहे, फक्त नाव एकच आहे. दोनला मी, चारला मी, सहाला मी आणि मग सातला डबा मी. गुटमनसाहेबांनी टीम ठेवली होती हे वाचून मला खरंच हसू आलं. माझी पाठ गेल्या वर्षी गेली. काही सुचवू नका, नुसतं लिहायचं होतं.

जुना_नर्सिंग_असिस्टंट
ताई, सुचवत नाही. तुमचा भाग कुठला तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या रिटायर मंडळींपैकी दोघं-तिघं अजून हाताला घट्ट आहेत, रात्रीची झोप तशीही येत नाही.

भोचक_भवानी
आता खरंच गप्प बसते.

टेकडीकर
सुरुवातीला घरातलं एक कारण आहे म्हणालो होतो, ते सांगतो. चुलतभाऊ, ३१ वर्षांचा, सेंट्रिंगचं काम करताना स्लॅबवरून पडला. एल १, म्हणजे कमरेचा पहिला मणका. ऑपरेशन चांगलं झालं, रॉड टाकले. डिस्चार्जच्या दिवशी नळी, बॅग, गोळ्या आणि 'घरी व्यायाम करा' एवढं घेऊन आलो. ठेकेदार फोन उचलत नाही. इथलं वाचून काल रात्री पहिल्यांदा टाच बघितली. डाव्या टाचेवर काळपट डाग आहे, हाताला गरम लागतोय.

फिजिओताई
टाच आत्ताच्या आत्ता उचलून ठेवा, पोटरीखाली उशी, टाचेला काहीही टेकता कामा नये. चोळू नका, मालिश तर अजिबात नाही. फोड आला किंवा कातडी सुटली तर लगेच सर्जनला दाखवा. एल १ म्हणजे हात आणि धड भक्कम आहे, पुढे बरंच करता येईल. खुर्चीत बसवाल तेव्हा चांगली गादी घ्या, घरची लोड-उशी नको, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलायला लावा. व्यनि करते, उद्या संध्याकाळी येऊन बघून जाते.

उलटतपासणी
ठेकेदाराचं माझ्यावर सोडा. कामावर असताना झालेला अपघात आहे, भरपाईचा दावा लागतो. हजेरीची वही, मस्टर, मजुरीचे गूगल पे, बरोबरच्या पोरांचे नंबर, जे असेल ते आजच फोटो काढून ठेवा. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्जही लगेच भरा.

चाकावरचा
मी रविवारी येतो. नळी स्वतः कशी घालायची हे त्याला डॉक्टर किंवा नर्स शिकवतील, पण नोकरीवर, एसटीत, लग्नात कसं निभावायचं ते मीच सांगू शकतो. बिल्डिंगला लिफ्ट आहे का? असेल तर दाराची रुंदी मोजून सांगा. बिल्डरच्या कागदावरची नको, टेप लावून.

टेकडीकर
अठ्ठावीस इंच. पण लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत.

चाकावरचा
दारातून जाईन. पायऱ्यांसाठी दोन माणसं उभी करा. वाळवेकर, तुम्ही या.

भोचक_भवानी
मी पोहे करून आणते. उचलायला मी नाही, माझा हात घसरेल.